गॅलरीतला हर्डल

"ताई, चौदा वर्षं मी १०० मीटर हर्डल्स धावले. वय एकतीस. आठ महिन्यांपूर्वी थांबले. अ‍ॅकिलीस म्हणजे टाचेमागचा टेंडन, दोन सीझन छळत होता, सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं भिंत धरून टाकावी लागायची. माझी सर्वोत्तम वेळ १३.२४. ज्या एका फायनलसाठी सगळं केलं, ती सेमीफायनलमध्ये ०.०२ सेकंदानं हुकली आणि त्यानंतर तशी संधी आलीच नाही.

आता नोकरीसाठी अर्ज भरतेय. 'अनुभव' या रकान्यात काय लिहायचं कळत नाही. आमच्या सरांनी मुलींच्या बॅचला शिकवायला बोलावलंय, पण मी ट्रॅकच्या गेटपर्यंत जाते आणि परत येते. क्लबनं मोडीत काढलेला एक हर्डल मी घरी आणला होता, तो गॅलरीत उभा आहे. आई त्यावर टॉवेल वाळत घालते. ते बघून पोटात तुटतं, आणि टॉवेल काढल्यावर नुसता हर्डल बघून आणखीच तुटतं. जो भेटतो तो म्हणतो, 'तू तर हर्डलर, आयुष्यातले अडथळे तुला काय अवघड!' मला ओरडावंसं वाटतं. झोप नीट लागत नाही. कधीकधी वाटतं, अजून एक सीझन करून बघावा. मी चौदा वर्षं वाया घालवली का? आणि तो हर्डल टाकून देऊ का?

तीन पावलांवर अडकलेली"

बाळा, तू ताई म्हणालीस, म्हणून मीही सरळ अगं-तूगं करते. पत्र दोनदा वाचलं. मी तुझ्याच शर्यतीतली आहे. दहा वर्षं धावले, मग बरीच वर्षं मुलींना हर्डल्स शिकवले. आपल्या शर्यतीत दोन हर्डल्सच्या मधे तीनच पावलं टाकायची असतात, तेव्हा तुझी सही वाचूनच मला अर्धं पत्र कळलं होतं.

आधी त्या वाक्याचं बोलू, ज्यानं तुला ओरडावंसं वाटतं. माणसं ते प्रेमानंच म्हणतात, पण त्यांनी आपली शर्यत लांबून बघितलेली असते. त्यांना वाटतं, वाटेत काहीतरी आडवं येतं आणि आपण ते ओलांडतो. आडवं येतं कुठे? पहिला हर्डल १३ मीटरवर, पुढचे नऊ साडेआठ-साडेआठ मीटरवर, शेवटच्यापासून रेषेपर्यंत साडेदहा मीटर, उंची ८३.८ सेंटिमीटर. जगातल्या कुठल्याही ट्रॅकवर जा, हीच मापं. सुरुवातीच्या ब्लॉकमध्ये बसलेल्या मुलीला पुढच्या तेरा सेकंदांत कुठे काय उभं आहे, तिथे कोणता पाय वर जाणार, हे सगळं माहीत असतं. घरातली, पैशाची, नात्यांची अडचण कधी अशी मोजून मापून आली आहे का?

म्हणून मला वाटतं, चौदा वर्षांत तुला अडथळ्यांची सवय झालीच नाही. सवय झाली ती खुणांची. सकाळी किती वाजता उठायचं, काय खायचं, मंगळवारी किती हर्डल्स, शुक्रवारी जिममध्ये किती वजन, कोणत्या महिन्यात कोणती स्पर्धा. आठ महिन्यांपूर्वी त्या सगळ्या खुणा एकदम पुसल्या गेल्या. समोर मोकळं मैदान आहे आणि पाय कुठे टेकायचा ते कळत नाही. यात तुझ्या मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही. जिनं इतकी वर्षं इतक्या काटेकोरपणे काढली, तिला हे होणारच. पुढच्या वेळी कुणी ते वाक्य म्हणालं तर ओरडू नकोस, वादही घालू नकोस. 'हर्डल्स सोपे होते हो, सगळे एका उंचीचे होते,' एवढं म्हण आणि विषय बदल.

आता ते ०.०२.

तुझ्या वेगानं ०.०२ सेकंद म्हणजे साधारण पंधरा सेंटिमीटर. पुरती एक वीतसुद्धा नाही. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकची फायनल तू कितीतरी वेळा पाहिली असशील. सॅली पिअरसन १२.३५, डॉन हार्पर १२.३७. बरोबर तुझंच अंतर. हार्पर काही नवखी नव्हती, चार वर्षांपूर्वी बीजिंगमध्ये सुवर्ण तिनंच घेतलं होतं. आणि त्या बीजिंगच्या शर्यतीत तिच्या पुढे लोलो जोन्स होती, नवव्या हर्डलला पाय लागेपर्यंत. जोन्स सातवी आली. त्याआधी २००४ मध्ये अथेन्सला पर्डिटा फेलिसियन, आदल्याच वर्षीची जगज्जेती, फायनलच्या पहिल्याच हर्डलला कोसळली. आणि १९९२ची बार्सिलोना. गेल डिव्हर्स पुढे होती, फक्त शेवटचा हर्डल राहिला होता. तिथे पाय अडकला आणि तोल सावरता सावरता ती रेषेवर पडतच पोचली, पाचवी. सुवर्ण ग्रीसच्या वूला पतुलिदूला मिळालं. याच डिव्हर्सनं काही दिवसांपूर्वी तिथेच १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं होतं, पुढे हर्डल्समध्ये तीन वेळा जगज्जेतीही झाली. ऑलिम्पिकमध्ये हर्डल्सचं पदक मात्र तिला कधीच मिळालं नाही.

ही नावं सांगते आहे ती तुझं दुःख लहान करायला नाही. त्या बायका जगात सर्वोत्तम होत्या, तू आणि मी नव्हतो, हे तुलाही ठाऊक आहे. सांगायचं एवढंच की आपल्या शर्यतीची घडणच अशी आहे. सपाट शर्यतीत चूक झाली तर ती पुढे धावून थोडीफार भरून काढता येते. आपल्याकडे एका हर्डलला टाच घासली की पुढची तीन पावलं बिघडतात, ती बिघडली की पुढचा हर्डल जवळ नाहीतर लांब वाटतो, आणि हे सगळं एका सेकंदात घडतं. ०.०२ हा तुझ्या चौदा वर्षांवरचा निकाल नव्हता. त्या एका दुपारच्या दहा हर्डल्सचा होता.

माझी गोष्ट सांगते, फारशी कुणाला सांगितलेली नाही. एका स्पर्धेत माझ्या लेनमधला दुसरा हर्डल चुकीच्या खुणेवर ठेवला गेला. तुला माहीत आहे, ट्रॅकवर आपल्या हर्डल्सच्या खुणा पिवळ्या आणि पुरुषांच्या ११० मीटरच्या निळ्या. आपला दुसरा हर्डल सुरुवातीच्या रेषेपासून २१.५ मीटरवर, आणि तिथेच पुढे २२ मीटरवर पुरुषांच्या हर्डलची निळी खूण. कुणाच्या तरी घाईत माझा हर्डल निळ्यावर गेला. अर्धा मीटर. मी तीन पावलं टाकली आणि हर्डल जिथे असायला हवा तिथे नव्हता. लांबून झेप घ्यावी लागली, मागच्या पायाचा गुडघा बारवर आपटला, आणि तिसरा हर्डल साडेआठऐवजी आठ मीटरवर अंगावर आला. त्या शर्यतीत पुढे काय झालं ते मला नीट आठवतही नाही. निकाल जाहीर झाल्यापासून अर्ध्या तासात तक्रार करायची असते. तो अर्धा तास मी कपडे बदलायच्या खोलीत रडत काढला. काय झालं होतं ते संध्याकाळी कळलं.

बारा वर्षं मी ती शर्यत मनात परत धावत होते, दर वेळी हर्डल पिवळ्या खुणेवर ठेवून. इतक्या वेळा धावूनही माझी खरी वेळ किती आली असती ते मला कधीच कळलं नाही. कळणारच नव्हतं. माझ्याकडे तर बोट दाखवायला एक ठोस चूक होती, तरी काही उपयोग झाला नाही. तुझ्याकडे तेही नाही, म्हणून तू रात्री पडल्या पडल्या शोधत असशील: ब्लॉकमधून उशीर झाला का, सातव्याला जरा उंच गेले का, रेषेवर छाती आधी झुकवली का. त्या शर्यतीचा व्हिडिओ फोनमध्ये असेल तर दुसऱ्या कुणाकडे ठेवायला दे. पुसू नकोस, फक्त हाताशी ठेवू नकोस.

वाया गेली का, याचं उत्तर मी तुला एका शब्दात देते: नाही. आणि का नाही तेही सांगते. तीन पावलांची लय पहिल्यांदा बसली तो दिवस तुला आठवतो का? मला आठवतो. त्याआधी दोन वर्षं मी चौथं पाऊल चोरत होते, दर हर्डलला पाय बदलत होता. मग एका सकाळी पाचही हर्डल्सना तीनच पावलं पडली आणि कानात एक वेगळाच आवाज आला, ट-ट-टक, ट-ट-टक. जन्मभर मैदानावर जाऊनही बहुतेक माणसांना तो आवाज स्वतःच्या पायांतून कधी ऐकू येत नाही. तू तो चौदा वर्षं ऐकलास. १३.२४ हा आकडा त्या आवाजाचाच आहे, आणि तो तुझ्या नावावर लागला आहे. फायनल न मिळाल्यानं तो कमी होत नाही.

यापुढचं जरा निवांत वाच, कारण मला सगळ्यात काळजी याची वाटते. तुझं शरीर.

मधे तीन पावलं आणि चौथं हर्डलवरचं, म्हणून दर हर्डलला तोच पाय पुढे जातो. उडी मारणारा एक, उतरणारा दुसरा, आयुष्यभर तेच. हिशोब कर: दिवसाला ५० हर्डल्स, आठवड्यात तीन दिवस, वर्षात ४० आठवडे. चौदा वर्षांत ८४,००० वेळा तू त्याच एका पायानं जमीन रेटली आहेस आणि दुसऱ्या त्याच एका पायावर शरीराचं सगळं वजन वेगानं उतरवलं आहेस. मागच्या पायाचा खुबा तेवढ्याच वेळा बाजूला फाकवून वर ओढला आहेस. तुझी कंबर, खुबे, पोटऱ्या दोन्ही बाजूंनी सारख्या नाहीत. धावत होतीस तोवर ताकदीनं हे सगळं झाकलं होतं. आता ताकद उतरेल आणि फरक वर येईल. तो वर येण्याआधी एका चांगल्या फिजिओकडे जा आणि 'मला स्पर्धेला तयार करायचं नाही, मला साठाव्या वर्षी जिना चढायचाय' असं स्पष्ट सांग. खेळाडूंना तपासायची सवय असलेला फिजिओ हे ऐकून वेगळाच आराखडा देतो.

अ‍ॅकिलीसचे व्यायाम तू थांबवले असशील, पैज लावते. सगळ्याजणी थांबवतात. शर्यत संपली म्हणजे उपचार संपले असं वाटतं. टाच सावकाश वर-खाली करायचा तो कंटाळवाणा व्यायाम, पायरीच्या कडेवर उभं राहून, आता तर जास्त गरजेचा आहे. सकाळची भिंत धरायची पाळी निवृत्तीनंतरही येऊ शकते, आणि तेव्हा समोर स्पर्धाही नसते म्हणून माणूस टाळतच राहतं.

मी स्वतः एका दिवसात सगळं बंद केलं होतं. पुढच्या काही महिन्यांत भूक तीच, मेहनत शून्य, पाठ धरली, आणि संध्याकाळी पाच वाजले की अंगात इतकी तगमग व्हायची की मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालायचे. मला कुणी सांगितलं नव्हतं की शरीर हळूहळू उतरवायचं असतं. तुला मी सांगते आहे, आठ महिने उशिरा का होईना. आठवड्यातून दोन दिवस वजनं, पूर्वीच्या निम्म्यानं सुरू करून, एका पायाचे व्यायाम दोन्ही बाजूंनी सारखेच. तीन दिवस चालणं, सायकल किंवा पोहणं, जे आवडेल ते. एकच अट: घड्याळ लावायचं नाही. तुला हे फार जड जाईल, मला माहीत आहे. पोहायला गेलीस तर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून पोह.

एक गोष्ट मुली पत्रात लिहीत नाहीत म्हणून मीच विचारते. खेळताना पाळी चुकायची का, महिनोन्महिने यायचीच नाही का? वेगाच्या खेळात वजन कमी ठेवायच्या नादात खाणं मेहनतीला पुरत नाही, मग शरीर आधी पाळी थांबवतं, आणि तसंच चालू राहिलं तर हाडांना फटका बसतो. 'खेळाडूंना असं होतंच' म्हणून आपल्याला गप्प बसवलं जायचं. तुझ्याबाबतीत तसं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सगळा इतिहास सांग, आणि रक्त, लोह, व्हिटॅमिन डी, हाडं, जे तपासायचं ते त्यांना तपासू दे.

झोपेचंही तसंच. झोप जाणं, जेवणात चव न राहणं, आवडीच्या माणसांचाही कंटाळा येणं, हे दोन आठवड्यांहून जास्त रोज चाललं असेल, तर डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेट. पोटरी दुखली तर तू फिजिओकडे जायला लाजली नाहीस, इथेही लाजू नकोस. आणि 'हे सगळं संपवावं' असा विचार एकदा जरी मनात आला, तर दोन आठवडे कसले, त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांग आणि त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा.

आता अजून एका सीझनचं. लोक तुला दाखले देतील. डिव्हर्स २००७ मध्ये चाळिसाव्या वर्षी ६० मीटर हर्डल्स ७.८६ मध्ये धावून जिंकली. पिअरसनचं २०१५ मध्ये रोमला पडून मनगट मोडलं, २०१६चं ऑलिम्पिक हॅमस्ट्रिंगमुळे हुकलं, आणि २०१७ मध्ये ती पुन्हा जगज्जेती झाली. हे सगळं खरं आहे. पण हेही खरं की २०१९ मध्ये, टोकियोचं ऑलिम्पिक समोर असताना, दुखापतींपुढे तिनंच थांबायचं ठरवलं. माघारी येणं आणि थांबणं दोन्ही त्याच बाईनं केलं, आणि दोन्ही वेळा निर्णय शरीराकडे बघून घेतला.

तू स्वतःला एवढंच विचार. तुला आठवण कशाची येते? स्पर्धेच्या दिवसाची, स्पाइक्स घालतानाच्या त्या शांततेची, 'सेट'नंतरच्या श्वासाची? ती तर मला अजूनही येते, आणि ती येणं म्हणजे परत धावायचा संकेत नव्हे. पण सीझन नसताना केलेली तयारी आठवते का, वीस-वीस वेळा तोच पहिला हर्डल, ओकारी येईपर्यंत मारलेले रिपीट्स, बर्फाच्या पाण्यात बुडवलेले पाय? ते परत करावंसं आतून वाटतंय, आणि डॉक्टर टेंडनची तपासणी करून हो म्हणताहेत, तर आपण पुन्हा बोलू. नुसती फायनल परत धावायची असेल, तर ती फायनल कुठल्याच सीझनमध्ये उरलेली नाही. माझा अंदाज सांगू? पत्रात तू हे एका वाक्यात लिहिलंस आणि लगेच हर्डलकडे वळलीस. ज्यांना खरंच परत जायचं असतं त्या चार पानं त्याच्यावरच लिहितात.

'अनुभव'चा रकाना मात्र रिकामा सोडू नकोस, आणि तिथे नुसतं 'खेळाडू' असंही लिहू नकोस. वाचणाऱ्याला त्यातून काही दिसत नाही. तू काय काय करत होतीस ते लिही. तुझी टचडाऊनची, म्हणजे दर हर्डलपलीकडे पाय टेकल्याच्या वेळांची, वही असेलच. पहिल्या हर्डलपलीकडे पाय टेकला २.६५ला, मग दर हर्डलला १.०५च्या आसपास, शेवटच्या साडेदहा मीटरना १.१. तेरा सेकंदांच्या कामाचे अकरा तुकडे करायचे, कोणत्या तुकड्यात वेळ गळतोय ते शोधायचं, तेवढाच तुकडा सहा महिने दुरुस्त करायचा, आणि दुरुस्त झाला की नाही ते आकड्यांतच बघायचं. हे काम येणारी माणसं ऑफिसांना हवी असतात, पण तुझ्या वाक्यातून त्यांना ते दिसलं पाहिजे. असं काहीसं: 'चौदा वर्षं स्पर्धात्मक अ‍ॅथलेटिक्स, १०० मीटर हर्डल्स, सर्वोत्तम वेळ १३.२४. वार्षिक प्रशिक्षणाचं नियोजन आणि नोंदी स्वतः ठेवल्या. व्हिडिओ व वेळांच्या विश्लेषणावरून दर सीझनचं उद्दिष्ट ठरवलं. प्रशिक्षक, फिजिओ आणि ज्युनिअर खेळाडूंसोबत गटात काम केलं.' यातलं जे खरं तेवढंच ठेव. मुलाखतीत विचारलं, का सोडलंत, तर लांबलचक कहाणी सांगू नकोस. 'दुखापत झाली, विचार केला, थांबले.' बस.

आणि नोकरी करायचीच म्हणून खेळाशी नातं तोडायला हवं असंही नाही. शर्ली स्ट्रिकलंडनं भौतिकशास्त्रात पदवी घेतली होती, ती गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायची, आणि ८० मीटर हर्डल्सची सुवर्णपदकं तिनं दोन वेळा जिंकली, १९५२ला हेलसिंकीत आणि १९५६ला मेलबर्नला. फेलिसियन पुढे खेळांच्या प्रक्षेपणात गेली. ट्रॅकवर स्टार्टर लागतात, पंच लागतात, व्हिडिओ बघून सांगणारी माणसं लागतात, ताकदीचे व्यायाम घेणारे लागतात. पण हे सगळं आजच ठरवायला नको. आधी एक साधी पगाराची नोकरी लागू दे. महिन्याच्या ठरल्या तारखेला पैसे जमा होणं ही पण एक खूण असते, आणि तुला सध्या खुणांची गरज आहे.

सरांकडे जायचं की नाही? जा, पण शिकवायला म्हणून जाऊ नकोस. सरांना फोन कर आणि सांग, 'महिनाभर आठवड्यातून एकदा येते, फक्त हर्डल्स लावायला आणि उचलायला.' ते समजतील. गेटवरून तू परत येतेस, कारण तुला वाटतं की आत पाऊल टाकलं की तू एकदम 'मॅडम' होणार. हर्डल्स लावणारीला कुणी मॅडम म्हणत नाही. तुझ्या हातांना ते काम येतं. हर्डलचे पाय धावणारीच्या बाजूला, म्हणजे धक्का लागला तर हर्डल पुढे पडेल. बार पाडायला साधारण ३.६ किलोचा जोर लागावा अशी खालची वजनं सरकवलेली. उलटा ठेवलेला हर्डल पडत नाही, पाडतो, हे त्या मुलींना अजून ठाऊक नसेल. नुसतं एवढं जरी तू दर आठवड्याला बघितलंस तरी कुणाचा तरी गुडघा वाचेल.

महिन्याभरानं शिकवावंसं वाटलं तर वाटलं. तेव्हा एक लक्षात ठेव, मी ही चूक दोन वर्षं केली. चांगली धावलेली बाई शिकवायला लागली की आधी स्वतः करून दाखवते, पूर्ण वेगात, पूर्ण उंचीवर. मुली बघतात, टाळ्या वाजवतात आणि घाबरतात. लहान मुलीला हर्डलपर्यंत ओढत नेऊ नकोस, हर्डल तिच्या तीन पावलांपाशी आण. खाली आण, जवळ आण. तिच्या पायांतून एकदा तो आवाज आला की अंतर वाढवायला कितीही वेळ आहे. आणि पहिल्या दिवशी पडणारी मुलगी तुझ्याकडेच बघेल. तेव्हा 'काही नाही झालं' म्हणू नकोस. गुडघा बघ, माती झटक, आणि दोन मिनिटं तिच्याजवळ बस.

राहिला गॅलरीतला. टाकू नकोस. पण आईला सांग. तिला बहुतेक कल्पनाच नाही की टॉवेल बघून तुझ्या पोटात तुटतं. घरात आडवी दांडी दिसली, तिनं कपडे वाळत घातले, एवढंच. आजच सांग, भांडण न करता, आणि तिला वाळत घालायला दुसरी जागा करून दे.

मग तो हर्डल आत आण, पुसून काढ, बारला कुठे चीर गेली आहे का ते बोट फिरवून बघ, खालची वजनं सरकताहेत का बघ. मोडीत काढलेला असला तरी बऱ्याचदा नुसतं बटण अडकलेलं असतं. थोडं तेल घाल. दोन्ही बाजूंची बटणं दाबून बार ८३.८वरून खाली ७६.२वर आण. अठरा वर्षांखालच्या मुली त्याच उंचीवर धावतात. फॅनी ब्लँकर्स-कोएन १९४८ मध्ये, तीस वर्षांची, दोन मुलांची आई, लंडनला सुवर्ण जिंकली तेव्हा तिच्या ८० मीटरच्या शर्यतीतले आठ हर्डल्सही ७६.२चेच होते. १९६८पर्यंत ऑलिम्पिकमध्ये बायका तेच धावायच्या, आपली १०० मीटरची शर्यत १९७२पासूनची. आणि मास्टर्स, म्हणजे वयानं मोठ्या खेळाडूंच्या, स्पर्धांमध्ये चाळीस पूर्ण झालेल्या बायकांना आजही तेच देतात: ८० मीटर, आठ हर्डल्स, ७६.२. तुला नऊ वर्षं आहेत. आत्ता त्याचा विचारही करू नकोस, टेंडनला आधी बरं होऊ दे. फक्त बार त्या उंचीवर आणून ठेव.

हर्डल चालता झाला तर सरांकडे जाताना घेऊन जा. पहिल्या दिवशी शिट्टी नेऊ नकोस, मोजपट्टी ने. आणि मोठ्या मुलींच्या प्रत्येक लेनमधला दुसरा हर्डल पिवळ्या खुणेवर आहे ना, ते माझ्यासाठी एकदा वाकून बघ.